दोन ग्रॅमची घट

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा कमरेचा सांगाडा तिच्याकडे वळवला, त्यातली गुलाबी पिशवी बोटाने जराशी खाली ढकलली आणि म्हणाल्या, "हे असं झालंय. गर्भाशय जागेवरून खाली सरकलंय. दुसऱ्या पायरीचं आहे. जुन्या बायका अंग खाली आलं म्हणतात ना, तेच."

तिने मान हलवली. टेबलावर पेनाचं निळं टोपण पडलं होतं आणि पेन कुठे दिसत नव्हतं. ते कुठे गेलं असेल, याचा ती विचार करू लागली.

"घाबरायचं काही कारण नाही. जिवाला धोका नाही यात. व्यायाम सांगते, ते मन लावून करायचे. पुढे आत आधाराला रिंग बसवून बघू. पोट साफ ठेवायचं, कुंथायचं नाही. खोकला अंगावर काढायचा नाही. आणि जड उचलायचं नाही. पाच किलोच्या वर काहीही नाही."

"पाच म्हणजे नक्की पाच, की साधारण पाच?"

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "असं कोणी विचारलं नव्हतं आजपर्यंत. करता काय तुम्ही?"

"वजनमापं तपासायच्या कचेरीत आहे."

"मग तुम्हाला मी काय सांगणार!" त्या हसल्या. "मुलगी केवढी आहे?"

"दहा महिन्यांची. आठ किलो सहाशे."

हे ऐकून मात्र त्यांचं हसणं थांबलं. "तिला बसून घ्या. तुम्ही खाली बसायचं आणि तिला मांडीवर येऊ द्यायचं. कडेवर घेऊन हिंडायचं नाही, निदान काही महिने. आणि घरी सगळ्यांना सांगा. एकटीने होणारं काम नाही हे."

"हो, सांगते," ती म्हणाली.

येताना तिने दोन साबणाच्या वड्या घेतल्या, कारण घरातला साबण संपला होता. रडू येईल असं वाटलं, म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर पाच मिनिटं बसली. रडू आलं नाही. मग साडी झटकली आणि उठली.

सांगायचं, असं ठरवूनच ती घरात शिरली होती. पण घरात शिरलं की आधी चपला काढाव्या लागतात, हात धुवावे लागतात, मुलगी कुठे आहे ते बघावं लागतं. सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. चार दिवस राहिलेली गोष्ट पाचव्या दिवशी आपोआप लपवलेली गोष्ट होते आणि मग ती लपवायचे कष्टही आपल्यालाच पडतात.

नवरा चष्म्याच्या काचा घासून नंबरात बसवणारा कारागीर होता. दिवसभर भिंगातून बघून घरी येईपर्यंत त्याच्या डोळ्यांत आणखी काही बघायचं त्राण उरायचं नाही. माणूस मायाळू होता. रोज न चुकता "दमलीस का गं?" विचारायचा आणि "हो" या उत्तराने त्याचं भागायचं. ती पाठ करून झोपली की तोही गुमान पाठ करायचा. मूल लहान आहे, अशी त्याने आपली समजूत घालून घेतली होती.

सासूबाईंना सांगायचं तर त्यांची बाळंतपणं आडवी यायची. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी त्या दोन भरलेल्या बादल्या घेऊन दोन जिने चढल्या होत्या. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की आता जिने चार झाले होते. बादल्या मात्र दोनच राहिल्या, कारण हातच दोन.

आणि मुलगी. जन्मली तेव्हा दुपट्यात गुंडाळून हातात दिली, तर बाप म्हणाला, "हे काय गठुडं दिलंय मला?" तेव्हापासून गठुडंच. गठुड्याला जेमतेम चार शब्द येत होते. त्यातला पहिला "कडे". कडेवर घे, असं त्याला म्हणायचं असायचं. दोन्ही हात वर, टाचा उंच, आणि "कडे, कडे".

ती खाली बसायची. "ये, इथे ये. मांडीवर बस."

"कडे."

"चालत ये. चाल माझी राणी."

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालता घालता बघत असत. "लेकरू कधीचं हात वर करून उभंय आणि ही ढिम्म! हात मोडलेत का तुझे?"

"आई, पुस्तकात लिहिलंय. फार कडेवर घेतलं की मुलं उशिरा चालायला लागतात."

"हो बाई. आमची तर अजून रांगतायत."

ती हसली. हसताना पोटात खाली काहीतरी उतरल्यासारखं झालं, तसं तिने हसणं आवरतं घेतलं. आताशा तिचं सगळं मोजूनमापूनच होतं. शिंक येणारसं वाटलं की आधी आवळून घ्यायचं. जिना चढताना कठड्याला धरायचं. सकाळी उठल्यावर बरं असायचं, इतकं बरं की डॉक्टरीणबाई चुकल्या असं वाटावं. दुपारी तीननंतर अंगात जडपणा उतरायला लागायचा आणि संध्याकाळी खुर्चीवर बसलं की एखाद्या लहान चेंडूवर बसल्यासारखं वाटायचं. न्हाणीघरात साबण लावताना हाताला लागायचं. पहिल्यांदा लागलं होतं तेव्हा काळजात चर्र झालं होतं. आता होत नव्हतं. दारावरची खुंटी हाताला लागावी, तसं ते लागायचं.

महिन्याभरात गठुड्याने तिच्यापुढे हात वर करणं सोडलं. आजी आली की हात वर, बाप आला की हात वर. ती आली की गठुडं नुसतं बघायचं आणि खेळण्याकडे वळायचं. हे दुखायला हवं होतं. तिने वाट पाहिली. दुखलं नाही. मनात नोंद झाली, एवढंच.

कचेरीत तिचं काम वीस किलोच्या वजनांचं होतं. गोदामांचे, गिरण्यांचे, भंगारवाल्यांचे, दवाखान्यांचे मोठे काटे आवारातल्या चौथऱ्यावर यायचे. कोठीतून वीस-वीस किलोची लोखंडी वजनं आणायची, एकेक करून काट्यावर चढवायची, काटा खरं बोलतो की खोटं ते बघायचं आणि खरं बोलला तर त्याच्यावर शिक्का मारायचा. कोठीत अशी वीस वजनं ओळीने मांडलेली होती. प्रत्येकाला वर मूठ होती. कोठीपासून चौथऱ्यापर्यंत सिमेंटची बारा पावलं.

हे काम तिला शिकवलं मिलीग्रामकाकांनी. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला आठवायचं. कचेरीतले सर्वांत जुने तपासनीस, डोळ्यांत तेल घालून काम करणारे. चहात साखर घालतानाही चमचा कडेला टेकवून सपाट करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं, "एक नियम पदराला गाठ मारून ठेवायचा. वजन ओढायचं नाही, उचलायचं. उचललेलं वजन शंभर वर्षं खरं राहतं. ओढलेलं वजन झिजतं, आणि झिजलेल्या वजनाने तपासलं की खोटा काटाही खरा ठरतो. आपण सगळ्यांचं वजन तपासतो. आपलं कोण तपासणार?"

ओढायचं नाही, उचलायचं, हा काकांचा नियम. उचलायचं नाही, हा डॉक्टरीणबाईंचा. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती कोठीत वजनांपुढे उभी राहिली आणि दोन्ही नियम तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मग तिच्या लक्षात आलं की डॉक्टरीणबाई 'उचलू नका' म्हणाल्या होत्या. 'ओढू नका' असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

भिंतीवर एक लोखंडी आकडा टांगलेला होता. तिने तो वजनाच्या मुठीत अडकवला आणि ओढलं. वजन कुरकुरत सरकलं. काकांची वेळ दहाची होती, ती सव्वानऊला यायला लागली. त्यांच्या आधी लागतील तेवढी वजनं चौथऱ्याशी नेऊन ठेवायची. चौथरा जमिनीपासून वीतभर उंच. तिथे गुडघा लावून, एक कड आधी आणि दुसरी नंतर असं करत चौथऱ्यावर आणि मग काट्यावर सरकवायचं. संध्याकाळी काका गेल्यावर पुन्हा ओढत कोठीत न्यायची. हे चूक आहे, हे तिच्याइतकं त्या कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हतं. फरशी पुसणाऱ्या मावशींना आश्चर्य वाटायचं. "बाई, एवढ्या लवकर? घरात भांडण बिंडण का?"

"नाही हो मावशी. काम फार आहे."

"काम काय पळून जातंय? ते आपल्यापेक्षा जास्त जगतं."

असे चार महिने गेले.

वर्षातून एकदा कचेरीची स्वतःची वजनं तपासायची असतात. मोठ्या प्रयोगशाळेतून पेटीत घालून अस्सल वजन येतं आणि काका मोठ्या तराजूवर एकेक वजन त्याच्याशी ताडून पाहतात. त्या दिवशी ते कोणाला जवळ फिरकू देत नाहीत. जोरात श्वास घेतला तरी "वारा घालू नका" म्हणतात.

दुपारी त्यांनी हाक मारली. "अगं, इकडे ये जरा."

ती गेली. तराजूशेजारी मावशीही उभ्या होत्या, हातात ओलं फडकं घेऊन. काकांनी एक वजन आडवं करून ठेवलं होतं. खालच्या एकाच कडेवरचा काळा रंग गेला होता आणि तेवढा पट्टा नव्या सुरीसारखा चकाकत होता.

"दोन ग्रॅम घट," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "याला दोन. त्याला दीड. सोळा वजनं कमी भरतायत. मागच्या रांगेतली चार तेवढी चोख आहेत, काढायला अडचणीची म्हणून तिकडे कोणी हात लावत नाही. कोणीतरी ओढलीयत. एकदा नाही, रोज ओढलीयत." ते मावशींकडे वळले. "पुसायला अडचण होते म्हणून सरकवता ना तुम्ही?"

"मी? मी कशाला सरकवू? मी त्यांच्या अवतीभवती पुसते. देवळात पुसावं तसं."

"मग काय वजनांना पाय फुटले?"

"ते तुम्ही तपासा. तपासायचं काम तुमचं."

"तोंड आवरा. चार महिन्यांत या वजनांवर जेवढे काटे खरे ठरवले, ते सगळे परत बोलवायचे आता. घरोघर जाऊन सांगायचं, आमचंच वजन कमी होतं म्हणून. साहेबांना मी काय सांगू? सांगतो, फरशी पुसणारीने केलं. उद्यापासून दुसरी बाई बघा."

मावशींच्या हातातल्या फडक्यातून पाणी थेंबथेंब गळत होतं. इतक्या बोलक्या बाईने बोलणं थांबवलं, तेव्हा खोली मोठी झाल्यासारखी वाटली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात तेही नव्हतं. तिथे काहीच नव्हतं, नुसती खोली, तराजू आणि पडणारे थेंब. सहा थेंब पडले. सातव्याला ती म्हणाली, "काका, मी ओढलीयत."

काकांना ऐकू आलं नसावं, असं वाटलं. मग ते म्हणाले, "तू?"

"रोज सकाळी आणि संध्याकाळी. आकड्याने."

"तुला मी शिकवलंय." हे ते रागाने म्हणाले नाहीत. एखादी बेरीज चुकली की पुन्हा वाचतात, तसं म्हणाले. "तुला शिकवलंय मी. मग?"

"मला उचलायचं नाही सांगितलंय. पाच किलोच्या वर." ती वजनाच्या चकाकणाऱ्या कडेकडे बघत होती. "माझं अंग खाली आलंय. बाळंतपणानंतर."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, दुसऱ्याच कोणाबद्दल सांगितलं. डाकेचं पाकीट ज्याचं त्याला देऊन टाकावं, तितकंच.

काकांचे कान लाल झाले. साठीला आलेला माणूस, त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "कधीपासून?"

"दवाखान्यात गेले त्याला चार महिने झाले."

"घरी?"

"नाही सांगितलं."

"आणि मला सांगितलंस!"

"मावशींचं काम जात होतं."

मावशींनी फडकं बादलीत टाकलं आणि काकांकडे पाहिलं. "आता उभे काय राहिलात? खुर्ची द्या तिला."

काकांनी स्वतःची खुर्ची ओढली. ओढताना ती करकरली, तसे ते दचकले आणि पुढची दोन पावलं त्यांनी ती उचलून आणली. ती बसली. काका उभेच राहिले. मग तराजूला सांगावं तसं म्हणाले, "आमच्या हिलाही झालं होतं. मला माहीत नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मेव्हणीने सांगितलं. अकरा वर्षं तिने कोणाला कळू दिलं नाही. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "घरात मला कधी मिलीग्रामचा फरक कळला नाही."

मग ते कपाटाकडे गेले आणि एक पिवळा पडलेला कागद काढून आणला. चाकांच्या हातगाडीसाठी अर्ज. नऊ वर्षांपूर्वीचा, काकांच्याच अक्षरातला. वर शेरा होता, 'कारण पुरेसे नाही.'

"मी लिहिलं होतं, कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी. सोय म्हटलं की वरचे लोक हसतात," काका म्हणाले. "नवीन अर्ज लिही. कारण तू लिही. मी खाली सही करतो. काटे परत बोलवायच्या कागदावरही पहिली सही माझी. आकडा तुझ्या हातात होता, पण चार महिने सकाळी वजनं आपली आपण बाहेर आलेली बघून मला काही विचारावंसं वाटलं नाही, हे माझं."

तिने पेन घेतलं. 'कारण' या शब्दापुढे दोन ओळींची जागा होती. तिने लिहिलं, प्रसूतीनंतर गर्भाशय खाली सरकल्यामुळे पाच किलोपेक्षा अधिक वजन उचलण्यास वैद्यकीय मनाई. दीड ओळ झाली. अक्षर नेहमीसारखंच आलं, एकसारखं आणि सरळ.

"आणि ओढायचंही नाही, बरं का," मावशी म्हणाल्या. "ओढणं म्हणजे उचलण्याचा सख्खा भाऊ. डॉक्टरांनी नाही सांगितलं का ते?"

त्या दिवशी ती वेळेवर घरी आली. दारातच न्हाणीघरापुढे बादली होती, काठोकाठ भरलेली. रोजच असायची. कामावरून आल्यावर ती अंग धुते, म्हणून सासूबाई आठवणीने भरून ठेवत. रोज ती त्यातलं अर्धं पाणी मगाने मोरीत ओतायची, मग उरलेली बादली पायाने ढकलत आत न्यायची. वाया गेलेल्या पाण्याचा आवाज सासूबाईंना येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची.

आज ती बादलीपुढे उभी राहिली. भरलेली, म्हणजे पंधरा किलो. वर बादलीचं स्वतःचं वजन.

"आई."

"काय गं?"

"मला ही बादली उचलायची नाही. डॉक्टरांनी पाच किलोच्या वर काही उचलू नका म्हणून सांगितलंय. अंग खाली आलंय माझं. चार महिने झाले कळून."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्याइतकं अवघड गेलं नाही. सोपंही गेलं नाही.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. तिच्याकडे पाहिलं, मग बादलीकडे पाहिलं. बादलीकडे जास्त वेळ पाहिलं. "चार महिने?"

"हो."

"आणि चार महिने मी रोज तुझ्यासाठी बादली भरून ठेवतेय! तेही काठोकाठ. बिचारी दमून येते म्हणून!" त्यांचा आवाज चढला. "अगं, शत्रूसुद्धा असं करत नाही. तुला तोंड नव्हतं का? मला आपली पुस्तकं वाचून दाखवत होतीस!"

"तुम्ही बाराव्या दिवशी दोन बादल्या घेऊन जिने चढला होतात."

सासूबाई थबकल्या. मग म्हणाल्या, "एकच जिना होता. आणि बादल्या अर्ध्या होत्या. नवऱ्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग आज सांग. मी नाही सांगणार. माझा मुलगा झाला म्हणून त्याला सगळं मीच सांगायचं का? लग्न मी केलंय त्याच्याशी?" त्या वाकल्या, बादली धरली, आणि धरल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, ती खाली ठेवून त्या तांब्या आणायला आत गेल्या. तांब्यातांब्याने पाणी आत नेऊ लागल्या. एकीकडे तोंड चालूच होतं, "पुस्तकात लिहिलंय म्हणे!"

ती बाहेरच्या खोलीत गेली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली, पाय लांब सोडून. नवरा यायला अजून तासभर होता. त्याला काय सांगायचं ते आता लिहून झालेलं होतं. दीड ओळ. तेच म्हणायचं. मग तो काय म्हणेल ते त्याने म्हणायचं.

व्यायामाची वेळ झाली होती. लघवी मध्येच थांबवताना आवळतो, तसं आवळायचं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. चार महिने तिने हे केलं होतं, कोणाला कळू न देता, भाजी निवडताना, रांगेत उभी असताना. फरक पडत होता की नाही, ते मोजायचं साधन तिच्या कचेरीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जायचं होतं, रिंगेसाठी. दोनदा तारीख चुकवली होती.

एक, दोन, तीन.

गठुडं कोपऱ्यात डब्यांची झाकणं वाजवत होतं. त्याने वळून पाहिलं. हात वर केले नाहीत. रांगत आलं, तिच्या पायाशी थांबलं, आणि कोणी बोलावलं नसताना तिच्या नडगीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून मांडीवर, असं चढत वर आलं. तिने काही उचललं नाही. हात नुसते बाजूला धरून ठेवले, पडू नये म्हणून. मांडीवर बसून त्याने तिच्या गळ्यातली कोठीची किल्ली तोंडात घातली.

नऊ किलो नऊशे. गेल्या आठवड्यात लशीच्या वेळी दवाखान्यातल्या काट्यावर केलं होतं. त्या काट्यावरचा शिक्का तिचाच होता. कदाचित ग्रॅमभर इकडे तिकडे. तो काटाही आता परत बोलवावा लागणार.

सात, आठ, नऊ.

न्हाणीघरात तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज येत होता. गठुडं हललं नाही. हळूहळू तिचा उजवा पाय बधिर झाला, मांडीपासून घोट्यापर्यंत, आपला नसल्यासारखा. तिने तो हलवला नाही. मग नवऱ्याच्या चपला दाराशी वाजल्या, गठुड्याने मान वळवली, वजन एका बाजूला गेलं, आणि त्या पायाला मुंग्या यायला लागल्या.

"दमलीस का गं?" तो दारातूनच म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "बस जरा. सांगायचंय."